डिस्क भरलेली नव्हतीच

“मशीन खोटं बोलत नाही, दादा. माणूस बोलतो.” संगणक दुरुस्त करणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. पलूसला ऐका, तासगावला ऐका, सांगलीत ऐका, शब्दसुद्धा बदलत नाहीत. गाणं रेकॉर्ड झालं, सेव्ह मारलं, आणि ‘डिस्क भरली आहे किंवा तिच्यावर लिहिता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी पडद्यावर आली, की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो: डिस्क गेली, नवी घाला. डिस्कवर तीनशे जीबी मोकळी आहे हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत तरी उपयोग नाही. “आवो, तिथंच लिवलंय की.”

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मशीन खोटं बोलतं. मशीन म्हणजे लोखंड नव्हे, त्यात बसलेलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. फाइल सेव्ह करताना ते सर्रास खोटं बोलतं, आणि बऱ्याचदा खरं कारण ठाऊक असताना बोलतं. ‘ठाऊक असताना’ हे मी रागाच्या भरात लिहिलेलं नाही. ते कसं, ते दाखवतोच.

त्याआधी हे खोटं कुणाला महागात पडतं ते बघा. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत पगारी तंत्रज्ञ असतो, दुसरी डिस्क जोडलेली असते, तिसऱ्या ठिकाणी बॅकअप चालू असतो. आमच्याकडे पलूस, कुंडल, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात स्टुडिओ म्हणजे घरातली एक जादा खोली. भिंतींना स्पंज, दाराला जुनी गोधडी, एक लॅपटॉप, दोन माइक लागतील एवढा इंटरफेस. काम मात्र कमी नाही. भजनी मंडळाचे अभंग, सप्ताहातली कीर्तनं, बेंजोवाल्यांचे ट्रॅक, गणपतीतली गाणी, रिक्षा फिरवायची जाहिरात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवाराचं गाणं, आणि ते चिन्ह मिळाल्यावर रातोरात हवं असतं. यातलं कितीतरी काम पुन्हा होत नाही. गाणं परत गाऊन घेता येईल, पण काल्याच्या कीर्तनात बुवांना ‘माउली, मघाचा दृष्टांत परत घ्या’ असं सांगता येत नाही. अशा वेळी पडद्यावरच्या एका ओळीवर विश्वास ठेवून माणूस घाबरून प्रोग्राम बंद करतो आणि जे वाचलं असतं तेही घालवतो.

आता ते ‘ठाऊक असताना’. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम स्वतःच्या हाताने डिस्कवर लिहीत नाही. तो विंडोजला सांगतो: ही फाइल उघड, तीत एवढे बाइट लिही. विंडोजला ते जमलं नाही तर ती नुसता नकार देत नाही, नकारासोबत कारणाचा क्रमांक देते. ५ म्हणजे परवानगी नाही. ३ म्हणजे सांगितलेला रस्ताच सापडला नाही. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली आहे. १२३ म्हणजे नावात खोट आहे, २०६ म्हणजे नाव फार लांबलं, ११२ म्हणजे जागा संपली. यात गुपित काही नाही, मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत ही यादी उघड छापलेली आहे. मॅककडे आणि लिनक्सकडेही आपापली यादी आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने क्रमांक बघून त्याप्रमाणे बोलायचं, एवढंच काम. तो काय करतो? शंभर बाइट लिहायला सांगितले, साठच गेले, म्हणजे जागा संपली असणार, असा स्वतःच तर्क बांधतो. नाहीतर सगळ्या क्रमांकांना मिळून एकच वाक्य लिहून ठेवतो आणि मोकळा होतो. विंडोजने ‘परवानगी नाही’ म्हटलेलं असतं, पडद्यावर उमटतं ‘डिस्क भरली’. ध चा मा झाला तो इथे.

२००० साली लोकांच्या हाती आलेलं आणि आज खेड्यापाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारं ऑडॅसिटी घ्या. त्याच्या पाटीत निदान ‘कदाचित’ असतं: कदाचित त्या ठिकाणी लिहिता येत नसेल, कदाचित डिस्क भरली असेल. या ‘कदाचित’चा मी मान राखतो. पण घाईतला, इंग्रजीशी जेमतेम ओळख असलेला माणूस ती पाटी वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत ‘डिस्क’ आणि ‘फुल’ एवढंच भरतं. बाकीचं वाक्य लिहिणाऱ्याच्या बचावाला उरतं.

एक प्रकरण जवळून बघू. रात्रभराचा जागर. नऊला सुरुवात, लॅपटॉपवर स्टीरिओ रेकॉर्डिंग, ४४.१ किलोहर्ट्झ, ३२ बिट फ्लोट, आणि फाइल थेट पेनड्राइव्हवर, कारण मंडळाला ती सकाळी हवी आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक ४ बाइटचा, डावा-उजवा मिळून दुप्पट. म्हणजे सेकंदाला ३,५२,८०० बाइट आणि तासाला साधारण १.२७ जीबी. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा. हिशेबाने सकाळपर्यंत सहज पुरायला हवा. पण तो पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मांडणीचा असतो. ही मांडणी १९९६ सालची. तिच्यात एका फाइलचा आकार ३२ बिटांच्या खान्यात लिहितात आणि त्या खान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५. भागाकार करा: १२,१७४ सेकंद. ३ तास २३ मिनिटांना जरासे कमी. नऊला सुरू झालेला जागर मध्यरात्री बारा तेवीसच्या सुमारास या भिंतीवर आदळतो. मृदंग रंगात आलेला असतो, पेनड्राइव्हवर सत्तावीस-अठ्ठावीस जीबी मोकळी असते आणि पाटी येते, डिस्क भरली.

आता तेवढीच मोठी फाइल लॅपटॉपवरून विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये धरून त्याच पेनड्राइव्हवर ओढून टाका. तो सरळ सांगतो की ही फाइल त्या ठिकाणच्या फाइल सिस्टीमसाठी फार मोठी आहे. लॅपटॉप तोच, पेनड्राइव्ह तोच, आकार तोच, जबाब मात्र दोन. न्यायाने सांगायचं तर इथे सगळं पाप रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामचं नाही. फॅट३२वर ही मर्यादा ओलांडली की खुद्द विंडोजच खालून जागा संपल्याचा ११२ क्रमांक पाठवते. लिनक्सने याच प्रसंगासाठी ‘फाइल फार मोठी’ असा वेगळा क्रमांक ठेवला आहे. पण एक्सप्लोरर जर आधी मांडणी बघून खरं बोलू शकतो, तर तासन्‌तास रेकॉर्डिंग करायलाच जन्माला आलेल्या प्रोग्रामला ते का जमू नये?

पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. डब्ल्यूएव्ही फाइलच्या तोंडाशी तिचा आकार लिहायचा जो खाना आहे, तोही ३२ बिटांचाच. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली हा प्रकार ठरवला तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी डिस्क मेगाबाइटांत मोजायची असायची. चार जीबीची एक फाइल कुणी करेल हे त्यांच्या स्वप्नातही नसावं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आज तीस वर्षांनी तीच भिंत ठाऊक असून ‘डिस्क भरली’ म्हणणाऱ्यांचा. ही भिंत नसलेले फाइलचे प्रकार आहेत, आरएफ६४ आहे, डब्ल्यू६४ आहे, दर तासाला नवी फाइल सुरू करायची साधी सोयही आहे. हातात धरायचे कितीतरी रेकॉर्डर मर्यादा आली की गुपचूप फाइल तोडून पुढची सुरू करतात, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. मुठीएवढ्या यंत्राला जी अक्कल आहे ती लॅपटॉपमध्ये नाही.

आणि दुकानातला उपाय काय? “फॉरमॅट मारून देतो.” विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपर्यंतच्या पेनड्राइव्हला आपणहून फॅट३२च सुचवते. म्हणजे पैसे देऊन, होतं ते पुसून, पुन्हा तीच भिंत बांधून घ्यायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरा प्रकार २०१७च्या अखेरीपासूनचा. खंडणीखोर व्हायरसपासून बचाव म्हणून विंडोज १०मध्ये एक पहारा आला. तो चालू असेल तर विंडोजच्या ओळखीचा नसलेला प्रोग्राम डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स असल्या फोल्डरांत काही लिहू शकत नाही. पहारा चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. तो मुळात बंद असतो, पण कुणी भाचा-पुतण्या ‘सिक्युरिटी टाइट’ करून जातो आणि घरात कुणाला आठवतही नाही. मग म्युझिक फोल्डरमध्ये नवं गाणं सेव्ह करायला जावं तर काही प्रोग्राम सांगतात: फाइल सापडली नाही. नवी फाइल आहे! अजून जन्मलेलीच नाही, ती सापडणार कुठून? विंडोज कोपऱ्यात ‘बदल अडवला’ अशी छोटी सूचना दाखवते, हे खरं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी मध्येच टिंग वाजू नये म्हणून सूचना बंद ठेवायच्या, हे कुणीही शहाणा ध्वनिमुद्रक पहिल्या दिवशी शिकतो. खरं सांगणारा गप्प केलेला, खोटं सांगणारा पडद्याच्या मधोमध. ज्याला ही शंका येईल त्याने विंडोज सिक्युरिटीत जाऊन संरक्षणाचा इतिहास उघडावा. प्रोग्रामचं नाव आणि अडवल्याची वेळ तिथे नोंदलेली असते. तिथूनच त्या एका प्रोग्रामला परवानगीही देता येते, सगळा पहारा काढायची गरज नाही.

“सुरक्षेच्या गोष्टी उघड सांगता येत नाहीत” असं एक पांडित्य यावर ऐकायला मिळतं. कुणापासून लपवायच्या? चोर काही पाटी वाचायला थांबत नाही.

तिसरा प्रकार आम्हा मराठी माणसांच्या खास वाट्याचा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. विंडोजला देवनागरी २००० सालच्या आवृत्तीपासून येते. पण जुन्या वळणाने लिहिलेले प्रोग्राम, छोटी फुकट मिळणारी साधनं, काही प्लगइन अजूनही एक-बाइटी कोष्टकातून नाव वाचतात, आणि त्या कोष्टकात देवनागरीला जागाच नाही. तुम्ही फाइलला ‘गवळण’ नाव दिलंत की त्यांच्या हाती पडतात नुसती प्रश्नचिन्हं, अक्षरागणिक एक. आता विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, आणि प्रश्नचिन्ह त्यांतलंच एक. झालं. विंडोज म्हणते १२३, नावात खोट. प्रोग्राम म्हणतो फाइल तयार करता आली नाही, डिस्क तपासा. डिस्कचा काय संबंध? तुम्ही नाव तर सरळ, शुद्ध मराठीत दिलेलं, खोट घातली ती प्रोग्रामनेच.

याच घरातली आणखी मंडळी आहेत. मिक्स संपल्यावर वेगवेगळे ट्रॅक काढून द्यायचे असतात तेव्हा ट्रॅकचं नाव तेच फाइलचं नाव होतं. एका माइकवर ढोलकी आणि हलगी दोन्ही घेतली म्हणून ट्रॅकला नाव दिलं ‘ढोलकी/हलगी’. ती तिरकी रेघ विंडोजच्या लेखी फोल्डरची खूण आहे. ती ‘ढोलकी’ नावाचा फोल्डर शोधते, तो नसतो, आणि पाटी येते, रस्ता सापडला नाही. ‘कोरस:बायका’ असं विसर्गासारखं चिन्ह घालून लिहिलं तर आणखी मजा. चांगले प्रोग्राम ते चिन्ह आधीच काढून टाकतात. जो काढत नाही त्याच्या हातून एनटीएफएस डिस्कवर ‘कोरस’ नावाची शून्य बाइटची फाइल तयार होते आणि सगळा आवाज तिच्या पोटात एका लपलेल्या कप्प्यात जाऊन बसतो. चूक दाखवली जात नाही, सेव्ह झालं म्हणून सांगितलं जातं, वाजवायला गेलं तर काही नाही. आणि मिक्सरवरून आलेल्या तारेचा ट्रॅक म्हणून कुणी भाबडेपणाने नुसतं ‘एयूएक्स’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर विंडोजच्या बहुतेक आवृत्त्यांत त्या नावाची फाइलच होत नाही. ते नाव डॉसच्या जमान्यापासून एका उपकरणासाठी राखून ठेवलेलं आहे. प्रत्येक मिक्सरवर छापलेला शब्द, आणि तोच वर्ज्य! एवढं कोण सांगणार? पाटी तर सांगत नाही.

नावाच्या लांबीचंही असंच. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेपटीपर्यंत पूर्ण रस्ता २६० चिन्हांत बसवायची जुनी अट आहे. २०१६ साली ती सैल करण्याची सोय आली, पण विंडोजमध्येही ती चालू करावी लागते आणि प्रोग्रामनेही तशी तयारी दाखवावी लागते. मराठीत ही अट लवकर भरते, कारण आपण अक्षरं मोजतो आणि विंडोज तुकडे मोजते. ‘क्षेत्र’ आपल्या हिशेबी दोन अक्षरं. तिच्या हिशेबी क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात. ‘श्रीक्षेत्र औदुंबर’ एवढ्या नावाला अठरा जातात. वनड्राइव्हच्या पोटात डॉक्युमेंट्स, त्यात रेकॉर्डिंग, त्यात मंडळाचं अधिकृत, नोंदणीकृत, लांबलचक नाव, त्यात साल, त्यात अभंगाचा पूर्ण पहिला चरण, आणि हे सगळं फाइलच्या नावात पुन्हा एकदा. मग सेव्ह होत नाही. पाटी काय म्हणते ते आता सांगायला नको.

“मग इंग्रजीत छोटं नाव द्या की, त्यात काय एवढं?” तोडगा म्हणून कबूल. अडल्या वेळी मीही डी ड्राइव्हवर ‘आरईसी’ असा तीन इंग्रजी अक्षरांचा फोल्डर करून त्यात आधी सेव्ह मारायला सांगतो. नियम म्हणून मात्र कबूल नाही. आज नावाजलेले बहुतेक रेकॉर्डिंगचे प्रोग्राम देवनागरी नाव नीट पेलतात, म्हणजे ते जमण्यासारखं आहे हे सिद्ध झालेलं आहे. ज्याला जमत नाही त्याने ‘मला देवनागरी नाव पेलत नाही’ एवढं तरी म्हणावं. आपली उणीव डिस्कच्या नावावर टाकू नये.

आणखी एक बारकावा राहिला, आणि तो मोठ्या जाणत्यांनाही चकवतो. कधीकधी पाटी खरी असते, पण ती कुठल्या डिस्कबद्दल बोलते हे सांगत नाही. तुम्ही सेव्ह करताय डी ड्राइव्हवर, तिथे चारशे जीबी रिकामी. प्रोग्राम मात्र काम चालू असताना तात्पुरत्या फाइली सी ड्राइव्हच्या कोपऱ्यात साठवत असतो, आणि सीवर विंडोजचे अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ साचून पाव जीबीसुद्धा उरलेली नसते. भरली आहे ती सी, नजर खिळली आहे डीवर. पाटीत एक अक्षर जास्त छापलं असतं तर रात्र वाचली असती.

या सगळ्यावर जे बचाव ऐकायला मिळतात, त्यांतला सगळ्यात मानभावी हा: सामान्य माणसाला खरी कारणं कळणार नाहीत, म्हणून सोपं करून सांगतो. कोण हा सामान्य माणूस? पलूसच्या आसपासचा द्राक्षबागायतदार? २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपने भारतातली द्राक्षं अडवली. कुठल्या औषधाचा अंश किती चालतो, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत, याची चर्चा इथे चहाच्या टपरीवर होते. की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या परिसरातला कामगार, ज्याच्या घरात तीन पिढ्या मायक्रोमीटर वाचत आल्या? विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बघा. चांगल्या पॅनेलवर एक फेज गेली तर वेगळा दिवा, लोड जास्त झाला तर वेगळा, पाणी संपून पंप कोरडा चालला तर वेगळा. रात्री दोनला बॅटरी घेऊन गेलेला शेतकरी दिवा बघून ठरवतो की वायरमनला उठवायचं, की थोडा वेळ थांबायचं, की फूटव्हॉल्व्ह बघायचा. तिन्हींना मिळून एकच लाल दिवा आणि खाली ‘मोटार जळाली असावी’ अशी पाटी लावणाऱ्या पॅनेलवाल्याला गावात कुणी दुसऱ्यांदा उभं केलं नसतं. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र आपण साहेब म्हणतो.

‘फुकटचं सॉफ्टवेअर, तक्रार कसली?’ हाही बचाव टिकत नाही. महागड्या प्रो टूल्सने वर्षानुवर्षं लोकांपुढे उणे नऊ हजारांतले आकडे टाकले, मॅक आजही फाइल कॉपी करताना मध्येच ‘उणे ३६’ म्हणून गप्प बसतो. आकडा दिला याला मी बरंच म्हणेन, निदान शोधता तरी येतो. आणि फुकटवाल्यांनीच सुधारून दाखवलंय. ऑडॅसिटीने २०२१च्या ३.० आवृत्तीत जुनी हजारो तुकड्यांची पद्धत सोडून सगळा प्रकल्प एका फाइलमध्ये आणला. ती एक फाइल फॅट पेनड्राइव्हवर चार जीबीला अडकणार हे उघड होतं. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी काय केलं? फॅट मांडणीच्या ड्राइव्हवर प्रकल्प सेव्ह करायला गेलात की प्रोग्राम आधीच अडवतो आणि कारण ड्राइव्हची मांडणी आहे हे स्पष्ट सांगतो. जमतं की! पाटी खरी लिहिण्यात अवघड काही नव्हतं, कुणीतरी मनावर घ्यावं लागलं.

‘क्रॅक वापरता, मग भोगा’ हे तिसरं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नये, यात वाद नाही. अँटिव्हायरस त्याच्या फाइली उचलून नेतो आणि त्यातून सेव्हचेही घोळ होतात. पण वर सांगितलेला एकही प्रकार क्रॅकमुळे होत नाही. फॅट३२ पावती विचारत नाही. हा बचाव म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आरोपी करून खटला निकालात काढायची युक्ती आहे, आणि ती चालते, कारण तक्रार करणारा लगेच खाली मान घालतो.

हा रोग नवाही नाही आणि आपल्यापुरताही नाही. जुन्या युनिक्सवर एक प्रसिद्ध प्रकार होता. ईमेल पोहोचली नाही की उत्तर यायचं: टाइपरायटर नव्हे. झालेलं असायचं ते असं की, मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर प्रोग्राम समोर टर्मिनल आहे का हे तपासायचा, ‘नाही’ असा क्रमांक मिळायचा आणि तो तसाच पडून राहायचा. नंतर भलत्याच कारणाने काम फसलं की हा शिळा क्रमांक उचलून माणसापुढे ठेवला जायचा. जगातले हुशार लोक त्यावर हसले. इथे मंडळाचा जागर जातो, तेव्हा हसायला कुणी नसतं.

आणि ज्यांचा ‘नवी घाला’ या उपायावर फारच भरवसा आहे, त्यांच्यासाठी. स्वस्तात मिळणाऱ्या ‘एक टीबी’च्या पेनड्राइव्हमध्ये कधीकधी खरे ३२ जीबीच असतात. आतल्या चिपला खोटा आकडा शिकवलेला असतो. तो पेनड्राइव्ह कधीच ‘भरलो’ म्हणत नाही. सगळं घेतो, आनंदाने घेतो, आणि खऱ्या जागेपलीकडचं एकतर फेकून देतो नाहीतर आधीच्यावर लिहितो. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या फुकट साधनांनी पूर्ण भरून, परत वाचून बघितल्याशिवाय असल्या पेनड्राइव्हवर कुणाचं कीर्तन ठेवू नका. मशीन खोटं बोलत नाही म्हणे!

तेव्हा पाटी आली की तिला साक्षीदार समजा आणि उलटतपासणी घ्या. पहिली गोष्ट, प्रोग्राम बंद करू नका. आवाज अजून त्याच्या हातात आहे. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग दुसऱ्या डिस्कवर, ड्राइव्हच्या तोंडाशीच केलेल्या छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये सेव्ह मारून बघा. झालं, तर डिस्क निर्दोष सुटली. खोट नावात, रस्त्यात, परवानगीत किंवा पेनड्राइव्हच्या मांडणीत आहे, आणि ती सवडीने शोधता येईल. नाही झालं, तर सी ड्राइव्हवर जागा किती ते बघा, आणि वनड्राइव्हसारखं काही त्याच फाइलला धरून बसलं असेल तर ते थांबवा. पेनड्राइव्हवर उजवं बटण दाबून गुणधर्म उघडलेत तर फॅट३२ आहे की एक्सफॅट, ते पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.

आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी फार नाही. पाटी अशी लिहा: “‘जागर’ ही फाइल या पेनड्राइव्हवर मावत नाही. पेनड्राइव्हवर २८ जीबी मोकळी आहे, पण त्याच्या फॅट३२ मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतापर्यंतचं रेकॉर्डिंग सुरक्षित आहे. पुढचं नव्या फाइलमध्ये सुरू करू का?” मराठीत लिहिलीत तर सोन्याहून पिवळं, इंग्रजीत लिहिलीत तरी चालेल, गावात एखादी दहावीतली पोरगी वाचून दाखवेल. फक्त खाली बारीक अक्षरांत विंडोजने दिलेला क्रमांक छापा. तो ५ असला तर आम्ही परवानगी बघू, १२३ असला तर नाव बदलू. ११२ आला आणि पेनड्राइव्ह फॅट३२ नसला, सीवरही जागा नसली, तर मात्र खुशाल म्हणा डिस्क भरली. नवी आणायला मी स्वतः सांगलीला जाईन.